उंदीर आणि विषाची डबी

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी पेडण्याकडील एका घरून आम्हांस तातडीचे बोलावणे आले. आदल्या रात्री घरच्यांनी टोमॅटोच्या फोडीस उंदीर मारण्याचे मलम लावून ती भाताच्या कणगीमागे ठेविली होती. सकाळी ती फोड अडीच वर्षांच्या नातीच्या हातात सापडली. आजीने घाबरून मुलीस पेलाभर दूध पाजले. आम्ही पोहोचलो तेव्हा मूल हसतखेळत होते आणि आता काही भय नाही असे मानून मंडळी आमच्यासाठी चहा मांडीत होती. चहा तसाच ठेवून आम्ही मुलीस बांबोळीच्या इस्पितळात नेले. देवाच्या दयेने विष पोटात गेले नव्हते. चार दिवसांनी ती सुखरूप परतली.

वाचकहो, ह्या मलमांत पुष्कळदा पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेल्यास आरंभी उलट्या होतात. मग एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो, आणि ह्याच फसव्या अवधीत त्याचे यकृत निकामी होऊ लागते. ह्या विषावर नेमका उतारा नाही. दूध, तूप, तेल ह्यांनी ते अंगात अधिकच भिनते. म्हणजे आजीबाईंचा तो मायेचा पेलाच घातक ठरला असता. असा प्रसंग ओढवल्यास लक्षणांची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि विषाची डबी सोबत न्यावी. डबीवरून वैद्यांना पुष्कळ कळते. ब्रोमाडायोलोनच्या वड्या असतील तर 'के' जीवनसत्त्व हा उतारा आहे. झिंक फॉस्फाइडची काळी पूड असेल तर पोटात विषारी वायू होतो व त्यास उतारा नाही.

मग उंदरांना मोकळे रान द्यावे काय? मुळीच नाही. पलिष्ट्यांनी पीडा टळावी म्हणून सोन्याचे पाच उंदीर घडवून पाठविल्याची कथा शमुवेलच्या पहिल्या ग्रंथात आहे. उंदीर आणि रोगराई ह्यांची सांगड इतकी जुनी आहे. 1896 साली मुंबईत प्लेग आला तो उंदरांवरील पिसवांनी पसरविला. 2005 च्या महापुरानंतर त्याच शहरात लेप्टोचा ताप फैलावला. हा लेप्टो आपल्या शेतांतही संभवतो. उंदराचे मूत्र चिखलात मिसळते आणि अनवाणी पायाच्या भेगेतून जंतू शरीरात शिरतात. ताप, पोटऱ्यांत असह्य कळा, लाल डोळे अशी लक्षणे दिसताच दवाखाना गाठावा. वेळेवर औषध मिळाल्यास रोगी बहुधा बरा होतो.

आता आमचीच एक फजिती सांगतो. पाद्रीघराच्या माळ्यावर उंदीर झाले, मेणबत्त्या कुरतडू लागले, तेव्हा आम्हीही असेच मलम आणिले होते. एक उंदीर छताच्या फळ्यांत मरून पडला व आठवडाभर घरात बसवेना. दुसरा शेजारच्या मांजराने खाल्ला असावा, कारण ते बिचारे मेले. मांजर गेल्यावर उंदीर दुणावले! शेजारीणबाईंची क्षमा मागितली, तरी त्यांच्या अंगणातून जाताना आमची मान अजून खाली जाते.

तेव्हापासून आम्ही विष सोडले व भोके धरली. लहान उंदीर पेन्सिलीएवढ्या भोकातून शिरतो. मोठ्यास अर्ध्या-पाऊण इंचाची फट पुरते. चिंधी किंवा लाकूड तो कुरतडून काढतो, म्हणून लोखंडी जाळी कोंबून वर सिमेंट लावावे. मातीच्या भिंतीचा पाया, कौलांखालची वळचण व मोरीचे तोंड आधी पाहावे. तांदूळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात असावा; रात्री खरकटे व कुत्र्याचे ताट उघडे राहू नये. चुडते, सोडणे, सरपण ह्यांचे ढीग भिंतीपासून दूर, जमिनीपासून हातभर उंच रचावेत. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. ब्लीचिंगच्या पाण्याने भिजवून मग पुसाव्यात.

राहिलेल्यांसाठी चाप लावावा. उंदीर नव्या वस्तूस बिचकतो, म्हणून तीन-चार रात्री तो न ताणता, भाजलेले खोबरे किंवा सुक्या बांगड्याचा तुकडा ठेवून, भिंतीलगत राहू द्यावा. उंदीर भिंतीच्या कडेनेच धावतो. मुलांचा हात पोहोचेल तेथे मात्र चापही नको. माडांच्या बाबतीत, जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर खोडास हातभर रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळल्यास उंदरास चढता येत नाही. शेजारच्या माडाची चुडते भिडत असली तर तो पत्रा व्यर्थ जातो. धामण दिसली की काठी उचलणाऱ्या बंधूंना आमची विनंती आहे की ती बिनविषारी असून उंदीर खाते. गव्हाणी घुबडाचेही तेच. त्याला अपशकुनी म्हणणे आपण तरी सोडावे.

एका घराने केलेले काम मात्र टिकत नाही. मादी सुमारे तीन आठवड्यांत वितेे आणि पिल्ले तिसऱ्या महिन्यापासून प्रजेस लागतात. शेजारचे बीळ उघडे असेल तर महिनाभरात पुन्हा तेच. उंदीर ख्रिस्ती घर आणि हिंदू घर असा भेद पाळीत नाही. भात कापून झाल्यावर, वायंगणाच्या पेरणीपूर्वी, शेतातील उंदीर घराकडे वळतात. त्या सुमारास आमच्या वाड्यावरील सर्व घरांनी एकाच रविवारी दुपारी बिळे बुजविण्याचे ठरविले आहे. जाळीची गुंडाळी आम्ही डिचोलीच्या बाजारातून आणून ठेविली आहे. ज्यांना हवी त्यांनी मिस्सानंतर मागून न्यावी. कात्रीही आहे, ती मात्र परत करावी.