‘ड’ तुकडीतला बेसबॉल

मुलांनो, खरं सांगा, तुमच्यापैकी कितीजण ‘ड’ तुकडीत आहेत? लाजू नका, हात वर करा पाहू! ‘अ’ तुकडीतली मुलं आपल्याकडे कशी बघतात, गॅदरिंगला नाटक बसवायचं झालं की ‘ड’ तुकडीला सगळ्यात शेवटी कसं विचारतात, हे ज्याच्या वाट्याला आलंय त्यालाच ठाऊक. आजची गोष्ट आहे अशाच एका ‘ड’ तुकडीची. ही तुकडी शाळेतली नव्हती बरं का. ती होती अमेरिकेतल्या बेसबॉलमधली, आणि ती चांगली साठ वर्षं टिकली.

बेसबॉलचे नियम विसरला असाल तर थोडी उजळणी करू. प्रत्येक संघात नऊ खेळाडू आणि सामन्यात नऊ डाव. चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजानं चेंडू मारला की बॅट टाकून पहिल्या बेसकडे धूम ठोकायची. चेंडू आपल्याआधी तिथं पोचला, की आपण बाद. चेंडू उडाला आणि कोणी झेलला, तरी बाद. आजच्या गोष्टीपुरतं एवढं पुरे.

अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या बेसबॉलला मेजर लीग म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी या मेजर लीगमध्ये किती संघ होते? फक्त १६. आणि तेही अवघ्या दहा शहरांत. नकाशा काढून बघा. न्यू यॉर्क, बोस्टन, शिकागो, फिलाडेल्फिया... सगळी शहरं देशाच्या एका कोपऱ्यात. त्यांतलं सर्वांत पश्चिमेचं शहर सेंट लुईस, आणि गंमत म्हणजे सर्वांत दक्षिणेचंही तेच! १९५२ सालापर्यंत हे असंच होतं. मग जॉर्जियातल्या, कॅन्ससमधल्या किंवा फ्लॉरिडातल्या लहानशा गावातल्या मुलानं बेसबॉल बघायचा कुठं? टीव्ही नव्हता. रेडिओवर ऐकायचा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचायचा.

पण अशा गावांचे स्वतःचे संघही होते. त्यातले खेळाडू पगारी असत. मोठे क्लब काय करायचे, की असा एखादा चांगला खेळाडू दिसला की सरळ उचलून न्यायचे. छोट्या क्लबच्या हाती काही लागायचं नाही. या ओढाताणीला कंटाळून सप्टेंबर १९०१ मध्ये छोट्या लीगवाल्यांची शिकागोच्या एका हॉटेलात बैठक भरली आणि त्यांनी आपली संघटना काढली. मेजर लीगच्या खालच्या या सगळ्यांना मिळून नाव पडलं मायनर लीग. तिथंच चार वर्ग ठरले: ए, बी, सी, डी. म्हणजे आपल्या अ, ब, क, ड तुकड्याच की! फक्त इथं तुकडी मार्कांवरून ठरत नव्हती, गावांच्या लोकसंख्येवरून ठरत होती. मोठी गावं वरच्या तुकडीत, लहान गावं ‘ड’मध्ये. १९०२ च्या हंगामापासून हे सुरू झालं.

‘ड’ तुकडीतल्या लीगची नावं तर ऐकण्यासारखी. केंटकी, इलिनॉय आणि टेनेसी या राज्यांची मिळून झाली ‘किटी’ लीग, म्हणजे मांजरीचं पिल्लू! पेनसिल्व्हेनिया, ऑन्टॅरिओ आणि न्यू यॉर्क यांची आद्याक्षरं जुळवून झाली ‘पोनी’ लीग, म्हणजे तट्टू. कॅन्सस, ओक्लाहोमा, मिझुरी यांची नुसतीच ‘के-ओ-एम’. त्यांना बहुधा प्राणी सापडला नसावा.

इथला थाट काय वर्णावा! लाकडी बाकं, कुंपणाच्या फळ्यांवर गावातल्या दुकानांच्या जाहिराती, आणि प्रवासाला जुनाट बस. रात्रभर बसमध्ये अवघडून बसायचं आणि दुसऱ्या दिवशी मैदानात उतरायचं. संघात खेळाडू मोजकेच, त्यामुळे कुणाचं बोट दुखावलं तर पिचरलाही दुसऱ्या जागी उभं राहावं लागे. बऱ्याच संघांत मॅनेजरही स्वतः खेळायचा. पगार अगदी बेताचा. पण गावकरी मोठ्या हौसेनं यायचे. एखाद्यानं चेंडू कुंपणापार टोलवला, की प्रेक्षक जाळीतून नोटा सरकवायचे. घरचा मुलगा जिंकल्यावर काका-मामा खिशात काहीतरी कोंबतात ना, अगदी तसं.

या तुकडीतून वर गेलेल्यांपैकी एकाची हकीकत सांगतो. स्टॅन म्यूझियल हा पेनसिल्व्हेनियातल्या एका कामगाराचा मुलगा. १९३८ साली सतराव्या वर्षी तो वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन गावच्या ‘ड’ संघात दाखल झाला. पगार महिन्याला ६५ डॉलर. तो होता पिचर, आणि तोही डावखुरा. १९४० साली फ्लॉरिडातल्या डेटोना बीच संघाकडून त्यानं १८ सामने जिंकून दिले, फक्त ५ गमावले. पण ज्या दिवशी चेंडू टाकायचा नसे त्या दिवशी तो मैदानात क्षेत्ररक्षणाला उभा राहायचा. ऑगस्टमध्ये असाच एक झेल घ्यायला झेपावला आणि डाव्या खांद्यावर आदळला. झालं! ज्या हातावर पोट, तोच हात गेला. वय वर्षं १९, लग्न झालेलं, घरात बाळ येऊ घातलेलं. खेळ सोडून घरी परत जावं असं त्याच्या मनात आलं.

त्या संघाचा मॅनेजर होता डिकी कर. हा कर म्हणजे साधासुधा माणूस नव्हता. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या आठ खेळाडूंवर पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचा ठपका आला आणि पुढे त्यांच्यावर कायमची बंदी घातली गेली, हे तुमच्या आई-बाबांनी कदाचित वाचलं असेल. त्याच संघात, त्याच सिरीजमध्ये, इमानदारीनं खेळून दोन सामने जिंकणारा पिचर तो हाच. करनं आणि त्याच्या बायकोनं म्यूझियल जोडप्याला आपल्या घरी आधार दिला. चेंडू टाकता येत नसेल, पण बॅट धरता येते ना, मग फलंदाज हो, असं त्यानं या पोराच्या मनावर ठसवलं. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४१ मध्ये, म्यूझियल सेंट लुईसच्या मोठ्या संघाकडून खेळला. ‘ड’ तुकडीतून मेजर लीगमध्ये, एका वर्षात! निवृत्त होईपर्यंत त्याच्या नावावर ३,६३० हिट जमा झाले. त्यांतले १,८१५ आपल्या मैदानावर आणि १,८१५ परक्या मैदानांवर. गणिताच्या सरांनाही असा सुरेख हिशेब जमायचा नाही. आणि त्यानं मुलाचं नाव काय ठेवलं ठाऊक आहे? रिचर्ड. डिकी हे रिचर्डचंच घरगुती रूप. पुढं पैसा आल्यावर म्यूझियलनं कर जोडप्याला ह्यूस्टनमध्ये घरही घेऊन दिलं.

मिकी मँटल हे नाव तुम्ही ऐकलं असेल. हा न्यू यॉर्क यँकीजचा फार मोठा खेळाडू. तोही १९४९ साली ‘के-ओ-एम’ लीगमध्ये कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावाकडून खेळला. त्या एका हंगामात त्याच्याकडून क्षेत्ररक्षणाच्या ४७ चुका झाल्या. सत्तेचाळीस! परीक्षेत नापास होणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

पण मला स्वतःला या तुकडीतला सर्वांत आवडता खेळाडू कोण, असं विचाराल, तर तो म्यूझियलही नाही आणि मँटलही नाही. तो तुमच्याएवढा होता. बारा वर्षांचा.

त्याचं नाव जो रेलिफर्ड. जॉर्जिया राज्यातल्या फिट्झजेराल्ड गावच्या ‘ड’ संघाचा तो बॅटबॉय होता. बॅटबॉय म्हणजे खेळाडूंच्या बॅटी नीट लावून ठेवणारा, त्यांनी टाकलेल्या बॅटी पळत जाऊन उचलून आणणारा पोरगा. जो कृष्णवर्णीय होता. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा कायद्यानंच वेगळ्या होत्या. हॉटेलं वेगळी, बसायच्या जागा वेगळ्या. मेजर लीगमध्ये जॅकी रॉबिन्सननं १९४७ मध्ये ही भिंत ओलांडली होती खरी, पण ‘जॉर्जिया स्टेट लीग’मध्ये एकही काळा खेळाडू खेळलेला नव्हता. जो बॅटी उचलू शकत होता, पण त्या धरून उभा राहू शकत नव्हता.

१९ जुलै १९५२. सामना स्टेट्सबरो गावात. आठवा डाव आला तरी फिट्झजेराल्ड १३–० असा मागे. यजमान गावचे प्रेक्षक भलतेच रंगात आले होते. ते ओरडायला लागले, बॅटबॉयला पाठवा! त्याला पाठवा! पाहुण्यांची ती टिंगल चालली होती. मॅनेजर चार्ली रिजवे यानं काय केलं असेल? त्यानं सरळ पंचांना विचारलं, या मुलाला पाठवू का? पंच होते एड क्यूबिक. त्यांनी होकार दिला.

आणि बारा वर्षांचा जो बॅट घेऊन उभा राहिला.

आता तुम्हाला वाटेल, त्यानं षटकार मारला असेल, सामना फिरवला असेल. तसं काही झालं नाही. सिनेमात होतं तसं. जोनं चेंडू चांगला मारला, पण तो जमिनीलगत तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूकडे गेला आणि जो पहिल्या बेसपाशी बाद झाला. एवढंच. पण डाव संपल्यावर त्याला क्षेत्ररक्षणाला उभं केलं. तेवढ्यात स्टेट्सबरोच्या फलंदाजानं चेंडू उंच, लांब टोलवला. जो मागे मागे धावत कुंपणापाशी गेला आणि त्यानं तो झेलला!

मघाशी टिंगल करणारे तेच प्रेक्षक, आता सामना संपल्यावर मैदानात धावत आले आणि त्यांनी त्याच्या खिशात पैसे कोंबले. ही आठवण पुढे मोठेपणी जोनंच सांगितली.

इथं गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण लीगच्या कारभाऱ्यांना हे रुचलं नाही. पंच क्यूबिक यांना कामावरून काढलं. रिजवेला ५० डॉलर दंड आणि पाच सामने बंदी. जोचं बॅटबॉयचं कामही गेलं. कायद्याच्या पुस्तकात एक नियम आणि माणसांच्या डोक्यात दुसरा, असं असलं की असंच होतं. तीनच वर्षांनी, १९५५ मध्ये, याच लीगमध्ये सँडर्सव्हिल गावाकडून विली मॅकव्ही नावाचा सतरा वर्षांचा काळा मुलगा खेळला. त्यानं त्या हंगामात १९ होम रन मारले, आणि पुढे मेजर लीगमध्ये ५२१. तेव्हा त्याला कुणी थांबवलं नाही. जो मात्र तीन वर्षं आधी आला होता.

मग ही ‘ड’ तुकडी गेली कुठं?

दुसऱ्या महायुद्धात खेळाडू सैन्यात गेले आणि लीग धडाधड बंद पडल्या. १९४३ साली सगळ्या तुकड्या मिळून जेमतेम दहा लीग उरल्या. (त्याच वर्षी एक ‘इ’ तुकडीसुद्धा काढून पाहिली होती! डुलुथ आणि सुपीरियर या जुळ्या बंदरांपाशी, चारच संघांची. हंगामाच्या मध्येच ती आटोपली.) युद्ध संपल्यावर मात्र लोक मैदानाकडे नुसते लोटले. १९४९ साली तब्बल ५९ लीग होत्या, आणि त्यांत सर्वांत जास्त ‘ड’ तुकडीच्या. त्या वर्षी मायनर लीगचे सामने पाहणाऱ्यांचा आकडा चार कोटींच्या आसपास गेला.

आणि मग घरात टीव्ही आला. खुर्चीत बसून न्यू यॉर्कचा सामना दिसू लागल्यावर गावच्या लाकडी बाकावर डास मारत कोण बसणार? दक्षिणेकडे घराघरांत एअर कंडिशनर आले. पूर्वी संध्याकाळी घरात उकडायचं म्हणून माणसं मैदानावर जायची, तेही संपलं. कोरियाच्या युद्धानं पुन्हा तरुण खेळाडू नेले. एकेक गाव गळत गेलं. जोची जॉर्जिया स्टेट लीग १९५६ ला बंद पडली. १९६२ पर्यंत ५९ पैकी वीसच लीग उरल्या होत्या.

१९६३ मध्ये नवी रचना झाली. ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ हे वर्गच रद्द केले आणि त्यांतल्या उरलेल्या बहुतेक लीगना ‘अ’ म्हणायचं ठरलं. आहे की नाही गंमत? परीक्षा न देता जवळजवळ सगळी ‘ड’ तुकडी एका रात्रीत ‘अ’ तुकडीत! पण बाकं रिकामी झाल्यावर वर्गाच्या दारावरची पाटी बदलून काय उपयोग? आणि ही गळती तिथं थांबलीही नाही. २०२० च्या हंगामानंतर मेजर लीगनं आपल्याशी जोडलेले १६० संघ कमी करून १२० वर आणले. तट्टूच्या नावाची ती ‘पोनी’ लीग १९५७ पासून नाव बदलून चालू होती. तीही तेव्हाच संपली.

जो रेलिफर्ड पुढे पोलिसात गेला. त्याला व्यावसायिक बेसबॉलच्या सामन्यात पुन्हा खेळायला मिळालं नाही. अमेरिकेत प्रत्येक व्यावसायिक खेळाडूची नोंद ठेवतात, मग तो एकच सामना का खेळलेला असेना. म्यूझियलची नोंद पानभर आहे. जोची एकच ओळ आहे: वर्ष १९५२, संघ फिट्झजेराल्ड, वर्ग डी, सामने १, हिट ०. कुंपणापाशी घेतलेला झेल काही हिटमध्ये धरत नाहीत.