पिंपातल्या थापा

मागच्या विकांताला हापिसातल्या टोळक्याबरोबर पूर्व लंडनमधल्या एका छोट्या ब्रुअरीत गेलो होतो. फळ्यावर खडूने लिहिलं होतं : 'ऐतिहासिक इंडिया पेल एल. ओकच्या पिंपात मुरवलेली. अगदी मूळ पद्धतीने.' एक गोरा सहकारी माझ्याकडे बघून म्हणाला, "घे, ही तर तुमचीच बीअर!" मी नुसता हसलो. काय बोलणार? 'तुमची' म्हणजे नक्की कोणाची, हे तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

आधी चवीबद्दल. रंग मधासारखा, फेस झकास. ग्लास नाकाशी नेला तर चक्क व्हॅनिला! मागोमाग ओलं खोबरं, मग हॉप्सचा संत्र्या-आंब्यासारखा वास आणि शेवटी बेताचा कडवटपणा. खोटं कशाला बोलू, आवडली. दुसरा ग्लासही मागवला. फळ्यावर 'मूळ पद्धतीने' हे दोन शब्द नसते तर हे लिहायलाच बसलो नसतो.

टेबलावर एक माहितीपत्रकही होतं. त्यातली गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. साधी बीअर भारतात पोचेपर्यंत नासायची. मग लंडनच्या हॉजसनने डोकं लढवून भरपूर हॉप्स घातलेली कडक बीअर शोधून काढली आणि तहानलेले सैनिक खूष झाले. गोष्ट छान आहे. फक्त खरी नाही.

साध्या सैनिकाची बीअर होती पोर्टर. काळी, स्वस्त. तीही केप ऑफ गुड होपला वळसा घालून, चार-सहा महिन्यांचा तोच प्रवास करून भारतात यायची आणि चांगली पोचायची. पेल एल प्यायचे ते अधिकारी आणि कंपनीचे साहेब. हॉजसनने काही शोधून बिधून काढलं नव्हतं. हॉप्स जास्त घातलेली, मुरवायची पेल एल इंग्लंडात आधीपासून होती. त्याची ब्रुअरी होती बो भागात, कंपनीची जहाजं जिथे लागायची तिथून जवळ, आणि तो जहाजांच्या कप्तानांना अठरा महिन्यांची उधारी द्यायचा. बस्स! शोध नव्हे, उधारी. पुढे १८२० च्या दशकात बर्टनच्या ऑलसॉपने तिथल्या जिप्समयुक्त पाण्यावर तशीच बीअर बनवली आणि बाजार खाल्ला. गंमत म्हणजे 'ईस्ट इंडिया पेल एल' या नावाच्या सर्वात जुन्या छापील उल्लेखांपैकी एक आहे १८२९ सालचा, आणि तो सिडनीच्या वर्तमानपत्रातला!

आता ओककडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. तेव्हा पिंप म्हणजे निव्वळ भांडं, आजचा स्टीलचा डबा म्हणा ना. इंग्लिश ब्रुअर बीअरच्या पिंपांसाठी बाल्टिक किनाऱ्यावरच्या मेमेलहून (आजचं लिथुएनियातलं क्लायपेडा) येणारा ओक पसंत करायचे. का? तर तो बीअरला स्वतःची चव लावत नाही म्हणून. अमेरिकन ओक नको असायचा, कारण त्याची चव उतरायची. आणि इथे माझ्या ग्लासात होती आतून जाळलेल्या अमेरिकन बर्बन पिंपाची व्हॅनिला. म्हणजे जी गोष्ट टाळण्यासाठी त्यांनी लाकूड निवडलं, तीच आज 'इतिहासाची चव' म्हणून जास्तीचे पौंड लावून विकायची!

मग पिंपातून खरं काय यायचं? यीस्ट. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये क्लॉसेनने इंग्लंडच्या मुरवलेल्या बीअरमधलं एक यीस्ट वेगळं काढलं आणि त्याला नाव दिलं ब्रेटानोमायसिस, म्हणजे 'ब्रिटिश बुरशी'. त्याचा वास चामड्यासारखा, तबेल्यासारखा. तो इन्स्टाग्रामवर खपत नाही, म्हणून गाळला.

"अरे, बीअर आहे, प्रबंध नाही. पी आणि गप्प बस," असं म्हणणारे भेटतातच. मान्य. पण उद्या कोणी 'पेशवेकालीन थाळी' म्हणून पनीर बटर मसाला वाढला, तर चविष्ट आहे म्हणून आपण गप्प बसू का? मी आउटपुट बदलून वर 'जुन्या सिस्टिमशी सुसंगत' असं लिहून कोड दिला तर क्लायंट माझी आरती ओवाळेल का? पुनर्निर्मिती म्हणजे आपल्याला आज काय आवडतं ते नव्हे. त्यांना तेव्हा काय मिळत होतं ते. न आवडण्याचा धोका पत्करायची तयारी नसेल तर त्या शब्दाला हात लावू नये. पीट ब्राउन नावाच्या ब्रिटिश लेखकाने २००७ साली बर्टनमध्ये बनवलेली बीअर समुद्रमार्गे खरोखर कलकत्त्याला नेली. याला म्हणतात तपासून पाहणं.

बरं, या थापेत आपणही आहोत. माहितीपत्रकात भारत म्हणजे फक्त ऊन, आणि भारतातले लोक म्हणजे तहानलेले गोरे. मुंबई बंदरात ती पिंपं पाठीवर वाहणारे हमाल त्यात कुठेच नाहीत. बाटलीवर नाव मात्र आपलं.

माझी मागणी फार मोठी नाही. 'मूळ पद्धतीने' खोडा आणि 'जुन्या बीअरवरून सुचलेली' असं लिहा. मी तिसरा ग्लासही घेईन.

आणि तो सहकारी पुन्हा "तुमचीच बीअर" म्हणाला, तर आता उत्तर तयार आहे : नाव आमचं, उधारी तुमची आणि व्हॅनिला अमेरिकेची.

असो. चिअर्स! :)