शिक्का मारण्याआधी

आमचा एक सभासद वर्गीकरण शाखेत काम करतो. वय पंचेचाळीस, नोकरी तेवीस वर्षे. पिन कोड तोंडपाठ. त्याच्या हातून पत्र चुकीच्या पिशवीत गेल्याचे कोणाला आठवत नाही. पण तो कँटीनच्या गप्पांत बसत नाही, बोलताना नजरेला नजर देत नाही आणि ड्यूटी ऐनवेळी बदलली की पार गोंधळून जातो. सहकाऱ्यांनी त्याला 'तऱ्हेवाईक' ठरवले, वरिष्ठांनी 'उद्धट'. गेटसभेच्या गर्दीत थांबत नाही म्हणून आम्हीही त्याला 'साहेबाचा माणूस' म्हणून मोकळे झालो. त्याची वर्गणी एक महिनाही चुकली नव्हती, हे मात्र आम्ही पाहिले नाही.

त्याच्या मुलाला स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, असल्याचे निदान झाले. डॉक्टरांचे प्रश्न ऐकताना बापाला आपलेच बालपण दिसू लागले. त्याने स्वतःची तपासणी करून घेतली. निदान तेच निघाले. आमच्याकडे तो आला तो ऑफिसचे दार लावूनच बोलला. ''कधी वाटतं सुटलो, कधी वाटतं इतकी वर्षं फुकट गेली. कागद कपाटात ठेवलाय. सांगितलं तर मेडिकल लागेल, नाही सांगितलं तर अजून पंधरा वर्षं सोंग करायचं.''

ऑटिझम हा संसर्ग नव्हे, वेड नव्हे आणि आईबापांच्या संगोपनातील चूकही नव्हे. मेंदूची ती जन्मापासूनची वेगळी घडण आहे. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अकरा मुलांच्या नोंदींवरून तिचे वर्णन केले आणि पुढे कित्येक वर्षे तो लहान मुलांचाच विषय मानला गेला. ही मुले मोठी होतात, नोकरीला लागतात, हे कोणी ध्यानात घेतले नाही. आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझमचे नाव नव्हते. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आले आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत त्याचा समावेश केला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या कामगाराला शाळेत निदान मिळाले नाही, यात त्याचा काय दोष?

२०१६ च्या कायद्याचे कलम २० सरकारी आस्थापनेला नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करते आणि दिव्यांग कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोयी करण्याचे बंधन घालते. कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. आमच्या या साथीला हवे आहे ते इतकेच: ड्यूटीचा तक्ता आधी मिळावा, हुकूम लेखी मिळावा, गोंगाटापासून जरा दूरची जागा मिळावी. यासाठी खात्याला कोणता मोठा खर्च येणार आहे? आणि हे मिळाले तर फायदा सर्वांचाच आहे. आधी कळलेले रोस्टर कोणत्या कामगाराला नको आहे?

निदान उघड करायचे की नाही, हा सर्वस्वी त्या सभासदाचा प्रश्न आहे. विशेषतः रेल्वेच्या रनिंग स्टाफमध्ये 'अनफिट' या शब्दाची धास्ती खरी आहे. ती बाळगणाऱ्याला कोणी भित्रा म्हणू नये. शाखा सचिवांनी अशी गोष्ट आपल्यापाशीच ठेवावी. 'उद्धट वर्तना'चे आरोपपत्र हाती आले तर उत्तर लिहिण्याआधी त्या माणसाचे सारे म्हणणे शांतपणे, लागेल तितका वेळ देऊन ऐकावे.

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी स्वतःची नव्याने ओळख करून घेणे सोपे नाही. ते काम त्याचे त्यालाच करायचे आहे. पण टोपणनावे आपण ठेवली होती. ती मागे घेणे आपल्या हाती आहे. गेल्या महिन्यात आम्ही त्याची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र सभासद यादीतल्या चुकलेल्या पिन कोडांची दुरुस्ती त्याने नीट लिहून टेबलावर ठेवली होती.