जकातीची पावती मागायला लाजू नका

रमजान आला की कोंढवा, कॅम्प, मोमीनपुरा इथं पावतीपुस्तकं घेऊन माणसं फिरू लागतात. कुणी मदरशासाठी चंदा मागतो, कुणी यतीमखान्यासाठी, कुणी दवाखान्यासाठी. आपण खिशातून नोट काढतो आणि वर म्हणतो, "पावती राहू द्या." पावती घेतली, त्यावर करात सूट घेतली, तर सवाब कमी होईल असं अनेकांच्या मनात पक्कं बसलं आहे. मला हे पटत नाही.

जकात ही मुळातच हिशेबाची इबादत आहे. निसाबाएवढी संपत्ती चांद्र वर्षभर हातात राहिली की तिचा अडीच टक्के हिस्सा द्यायचा. तो कुणाला द्यायचा, ते आठ वर्गही सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत सांगितले आहेत. काढताना एवढा काटेकोर हिशेब, मग तो पैसा कुठं गेला हे विचारताना संकोच कशाला?

आता कायद्याचं बघू. आयकर कायद्यात देणगीसाठी वजावट आहे, ती ८०-जी या नावानं ओळखली जाते. त्याखाली नोंदलेल्या संस्थेला देणगी दिली तर बहुतेक वेळा निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. १०,००० रुपये दिले तर ५,००० रुपयांवर कर लागत नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात असणाऱ्याचे साधारण १,००० रुपये वाचतात. मात्र २,००० रुपयांवरची रोख देणगी चालत नाही. संस्थेकडून देणगीचं प्रमाणपत्र मिळायला हवं. शिवाय नव्या करपद्धतीत ही वजावट नाही, आणि २०२३-२४ पासून आपण वेगळं सांगितलं नाही तर तीच लागू होते.

"मुस्लिम संस्थांना ८०-जी मिळतच नाही," असंही कानावर येतं. ते खरं नाही. संस्था एकाच धर्माच्या किंवा जातीच्या लाभासाठी नसावी आणि तिचं काम निव्वळ धार्मिक नसावं, एवढं कायदा बघतो. पुण्यातल्या आझम कॅम्पसमध्ये, पूना कॉलेजात सर्व धर्मांची मुलं शिकतात. मुस्लिमांनी उभं केलेलं काम सर्वांसाठी असू शकतं, हे आपल्या शहराला नवं नाही. सदक्याला तर धर्माची अट नाहीच. अडचण असते ती कागदपत्रांची. धर्मादाय आयुक्तांकडे ट्रस्ट नोंदवला की काम झालं असं विश्वस्त समजतात. आयकर खात्याची नोंदणी वेगळी करावी लागते. ती व्हावी म्हणून देणाऱ्यांनीच रेटा लावला पाहिजे.

सवाबाचं म्हणाल तर तो नियतीवर आहे. सरकारनं सोडलेला कर घेणं म्हणजे जकात परत घेणं नव्हे. तरीही मन खात असेल तर वाचलेले १,००० रुपये सदका म्हणून देऊन टाका. गरजूचं भलं होईल आणि तुमचंही मन हलकं होईल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. ८०-जीला फक्त संस्था ओळखू येते, माणूस नाही. गावाकडची विधवा चुलती, शेजारचा कर्जात बुडालेला रिक्षावाला यांना दिलेल्या पैशाची करात दखल नाही. पण जवळच्या गरजूचा हक्क आधी. वजावट मिळावी म्हणून चुलतीचा हिस्सा ट्रस्टकडे वळवला, तर कर वाचेल आणि जकातीचा हेतू हरवेल. आधी माणसं बघा, उरलेली रक्कम संस्थेला द्या.

आणि संस्थेला देताना नोंदणी क्रमांक विचारा, पैसे बँकेतून द्या, ही जकात आहे असं स्पष्ट सांगा, म्हणजे ती इमारतीच्या रंगरंगोटीत जाणार नाही. पावती मागणं हा अविश्वास नाही. प्रामाणिक संस्थेला त्याचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याच्या हाती गरिबाचा हक्क सोपवण्याआधी दोनदा विचार करा.