दुखणे खरे, म्हणून जंतू जिवंत?

ज्यांची मुले-सुना न्यू जर्सीत, पेनसिल्व्हेनियात किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये राहतात, त्यांच्या कानावर ‘लाइम’ या गोचिडीतून येणाऱ्या रोगाचे नाव एव्हाना पडलेले असते. मागच्या अंगणात गवत कापताना गोचीड चिकटते, ताप येतो, गुडघा सुजतो. मग ते घर नकळत एका जुन्या वादात ओढले जाते. त्या वादातल्या एका पक्षाचे म्हणणे असे : लाइमची रक्तचाचणी कुचकामी आहे, ती निगेटिव्ह आली तरी रोग असतोच. दोन-तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी जंतू मरत नाही, तो शरीरात दडून बसतो. तेव्हा महिनोन्‌महिने, गरज पडल्यास शिरेतून, अँटिबायोटिक घेत राहावे. आणि याला नाही म्हणणारे डॉक्टर एक तर अडाणी, नाही तर विमा कंपन्यांना विकले गेलेले.

या पूर्वपक्षातले पहिले विधान अर्धे खरे आहे. बाकीचा सगळा डोलारा त्या अर्ध्या सत्यावर उभा असल्यामुळे आधी तेच तपासू.

‘बोरेलिया बर्गडॉर्फेरी’ हा लाइमचा मळसूत्री जंतू रक्तात फार थोडा आणि थोडाच काळ असतो. म्हणून नेहमीची चाचणी जंतूला न शोधता त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे शोधते, आणि ती तयार व्हायला काही आठवडे जातात. अंगावर लाइमचा पसरता चट्टा उठल्याच्या पाचव्या दिवशी रक्त दिले तर बहुतेकांचा अहवाल निगेटिव्हच येणार. इथवर तक्रार रास्त आहे. पण याच कारणासाठी अमेरिकेतली मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात की लाइमच्या प्रदेशात राहणाऱ्या किंवा तिथे जाऊन आलेल्या माणसाच्या अंगावर तो पसरता चट्टा दिसला तर चाचणीची वाट न पाहता औषध सुरू करा. पाचव्या दिवसाच्या निगेटिव्ह अहवालावर विसंबून रुग्णाला घरी पाठवणारा डॉक्टर चुकतो, त्याचे खापर चाचणीवर फोडण्यात अर्थ नाही. गुडघा सुजण्यापर्यंत मजल गेली की मात्र चित्र पालटते. लाइमच्या संधिवातात हीच चाचणी जवळजवळ हमखास पॉझिटिव्ह येते. सहा वर्षे सांधे दुखताहेत, अहवाल दर वेळी निगेटिव्ह, तरीही लाइमच, हा युक्तिवाद पहिल्या आठवड्यातला दोष सहाव्या वर्षाला चिकटवतो.

चाचणीचा दुसरा दोष मात्र हा पक्ष सहसा सांगत नाही. १९९४ मध्ये मिशिगनमधल्या डिअरबॉर्न इथे ठरलेल्या निकषांप्रमाणे आधी एलायझा आणि ती पॉझिटिव्ह किंवा संदिग्ध आली तर वेस्टर्न ब्लॉट अशी दोन टप्प्यांची पद्धत रूढ झाली. (२०१९ पासून दुसऱ्या टप्प्यातही एलायझाच्याच जातीची चाचणी वापरायला मुभा आहे.) ब्लॉटची पट्टी डोळ्यांपुढे आणा : बोटाएवढी अरुंद, तिच्यावर आडव्या फिकट-गडद रेघा. आयजीजी या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या दहा ठरावीक रेघांपैकी पाच उमटल्या तर पॉझिटिव्ह, आयजीएम या प्रकारच्या तिनांपैकी दोन. त्यातली ४१ क्रमांकाची रेघ जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाची. तशी शेपटी इतर अनेक जंतूंना असते, म्हणून लाइमचा वाराही न लागलेल्या निरोगी माणसाच्या पट्टीवरसुद्धा ती रेघ उमटते. तिच्या जोडीला एखादी फिकट रेघ ओढूनताणून मोजली की आयजीएम झाला पॉझिटिव्ह. आजार सुरू होऊन महिना उलटल्यावर आयजीएम एकट्याने धरायचा नाही, असा नियम आहे तो यासाठीच. उलट बाजूने, रोग बरा झाल्यावरही प्रतिपिंडे वर्षानुवर्षे रक्तात राहतात. त्यामुळे ‘अजून पॉझिटिव्ह आहे, म्हणजे जंतू आहे’ हेही टिकत नाही.

हिशेब करून पाहा. समजा, चाचणी शंभरातल्या एकाच निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह ठरवते, आणि थकवा व अंगदुखीने त्रासलेल्या हजार लोकांत खरा लाइम एकालाच आहे. हजारांची चाचणी केली तर तो एक सापडेल आणि त्याच्याबरोबर दहा भलतेच. म्हणजे अकरा पॉझिटिव्हांतल्या दहांना जो रोग नाही त्याचे औषध मिळणार, आणि जो आहे तो तसाच राहणार. ही भीती कागदावरची नाही. लाइमचे पहिले संशोधक ॲलन स्टीअर यांनी १९९३ मध्ये त्यांच्या दवाखान्यात लाइम म्हणून पाठवलेल्या ७८८ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सक्रिय लाइम निघाला २३ टक्क्यांना. ५७ टक्क्यांना तो नव्हताच.

आता लांबलेल्या अँटिबायोटिकबद्दल. ‘मला गुण आला’ असे सांगणारे रुग्ण खोटे बोलत नाहीत. पण मार्क क्लेम्पनर यांच्या २००१ च्या औषधचाचणीत महिनाभर शिरेतून सेफ्ट्रिॲक्सोन आणि पुढे दोन महिने डॉक्सिसायक्लिन एका गटाला दिले, दुसऱ्याला नुसते दिखाऊ औषध. गुण दोन्ही गटांतल्या अनेकांना आला, आणि दोन्हींत सारख्याच प्रमाणात. २०१६ मध्ये नेदरलँड्समधल्या २८० रुग्णांच्या चाचणीतही, सुरुवातीच्या दोन आठवड्यांच्या उपचारावर आणखी बारा आठवडे औषध वाढवून काही हाती लागले नाही. विरुद्ध पक्ष लॉरेन क्रुप यांच्या २००३ च्या अभ्यासाकडे बोट दाखवतो. त्यात थकवा कमी झाला होता, हे मान्य करायला हवे. पण विचारशक्तीत फरक पडला नाही, आणि कोणाला कोणते औषध मिळते आहे याचा अंदाज अनेकांनी बांधला होता, तेव्हा लेखकांनी स्वतःच हे उपचार देऊ नयेत असा निष्कर्ष काढला.

‘देऊन बघायला काय हरकत आहे?’ हरकत आहे. शिरेत महिनोन्‌महिने नळी ठेवली की तिच्या वाटेने दुसरे जंतू रक्तात शिरतात. ‘जुनाट लाइम’च्या उपचारापायी गंभीर संसर्ग झालेल्या पाच रुग्णांची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०१७ मध्ये छापली, त्यांत मृत्यूही आहेत. त्याच बाजारात बिस्मथची इंजेक्शनेही विकली गेली आणि २००६ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला त्याविरुद्ध इशारा द्यावा लागला. लाइमवर उतारा म्हणून मुद्दाम हिवताप आणवण्याची कल्पनाही एका नामवंत डॉक्टरने मांडली होती. रक्तचाचणीकडे कडक पुरावा मागणारे लोक औषधाकडे मात्र काहीच मागत नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते.

राहिला ‘विकले गेले’ हा आरोप. लाइमच्या उपचाराच्या २००६ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांवरून कनेक्टिकटचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल रिचर्ड ब्लूमेंथल यांनी चौकशी लावली आणि ती ठरवणाऱ्या समितीतल्यांच्या हितसंबंधांवर ताशेरे ओढले. २००८ च्या तडजोडीनुसार हितसंबंध तपासून नवी समिती नेमली गेली. तिने २०१० मध्ये त्याच शिफारशी उचलून धरल्या.

खंडन पुरे. या पूर्वपक्षाला इतके अनुयायी मिळाले कसे, याचा जाब मात्र डॉक्टरमंडळींना द्यावा लागेल. कनेक्टिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात राहणाऱ्या पॉली मरे या गृहिणीला स्वतःच्या आणि मुलांच्या दुखण्याबद्दल वर्षानुवर्षे ‘हे मनाचे खेळ आहेत’ असे ऐकावे लागले. तिने घरातल्या लक्षणांच्या नोंदी ठेवल्या, शेजारपाजारच्या आजारी मुलांची माहिती जमवली आणि १९७५ मध्ये आरोग्य खात्याचे दार ठोठावले. ज्युडिथ मेन्श या दुसऱ्या आईनेही तेच केले. स्टीअर यांनी ते गंभीरपणे घेतले, म्हणून हा रोग समजला. जंतू सापडला तो पुढे १९८१ मध्ये, विली बर्गडॉर्फर यांना. रुग्णाचे ऐकून घेतल्याने ज्या रोगाचा शोध लागला, त्याच रोगात अहवाल निगेटिव्ह आला की रुग्णाला मानसोपचाराची वाट दाखवायची, हा कृतघ्नपणा झाला.

वेळेवर आणि पुरेसे औषध घेतलेल्यांपैकीही सुमारे ५ ते १० टक्क्यांना थकवा, अंगदुखी, विसराळूपणा महिनोन्‌महिने छळतो. हा त्रास खरा आहे. तो कशाने होतो याचा एक धागा २०१९ मध्ये मिळाला : लाइमच्या संधिवाताच्या रुग्णांच्या सांध्यातल्या पाण्यात, उपचारानंतरही, जंतूच्या भिंतीचे तुकडे सापडले. तुकडे दाह पेटता ठेवू शकतात, पण ते काही जिवंत नव्हेत. त्यांच्यावर अँटिबायोटिक चालवणार कसे? दुखणे मान्य करायला जंतू जिवंत असण्याची अट कशाला हवी?

खरी लढाई पहिल्या महिन्यातच जिंकता येते, आणि तिथेच आपल्या लोकांना धोका अधिक आहे. रोग देणारे गोचिडीचे पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढे असते, चावलेले कळतही नाही. पाठ्यपुस्तकातला चट्टा गोऱ्या कातडीवरचा, लालभडक आणि वर्तुळात वर्तुळ असलेला. प्रत्यक्षात बहुतेक चट्टे एकरंगी असतात, आणि सावळ्या अंगावर तर ते जांभळट, मुका मार लागल्यासारखे दिसतात. चट्टा पाच सेंटिमीटरच्या वर गेला आणि रोज पसरतोय असे वाटले तर कडेने पेनाची रेघ मारून फोटो काढावा आणि डॉक्टरपुढे ठेवावा. या टप्प्यावर दहा दिवसांच्या डॉक्सिसायक्लिनने काम भागते. गोचीड दीड दिवसाहून अधिक चिकटून होती असे दिसले, तर काढल्यापासून ७२ तासांच्या आत २०० मिलिग्रॅमचा एकच डोस प्रतिबंधाला पुरतो.

लस तर १९९८ मध्येच आली होती, तीन डोसांनंतर सुमारे ७६ टक्के संरक्षण देणारी. तिने संधिवात होतो ही भीती सिद्ध झाली नाही, पण खटले उभे राहिले, खप घसरला आणि २००२ मध्ये कंपनीने ती मागे घेतली. तेव्हापासून लाइमची लस अमेरिकेत कुत्र्याला मिळते, त्याला फिरवून आणणाऱ्या मालकाला नाही.

आणि गोचीड म्हटले की लाइम, असेही नाही. दोडामार्गात किंवा गोव्याच्या सत्तरीत गोचिडीतून येतो तो माकडताप. तो विषाणूचा, त्यावर डॉक्सिसायक्लिन चालत नाही. अमेरिकेत मुलाकडे राहून जुलैत परतलेल्या आजी ताप घेऊन पुण्याच्या दवाखान्यात आल्या, तर डेंग्यूच्या चाचणीबरोबर दोन प्रश्न फुकट विचारता येतात : कोणत्या राज्यात राहिलात, आणि अंगावर कुठे चट्टा उठला होता का?