तलावावर जाऊ, पण म्हाताऱ्यांना घेऊन

पावसाळा सरून अभयारण्याची गेटं उघडली की साकोलीवरून पिटेझरीकडे आणि तिरोड्यावरून चोरखमाऱ्याकडे गाड्या सुरू होतात. शहरातली कुटुंबं असतात. आई-बाप, आजी, दोन पोरं. जिप्सीत बसतात, नागझिऱ्याच्या तलावाकाठी हरणं पाहतात, माहिती केंद्रात चक्कर मारतात. तिकडे नवेगावबांधला बगिचेही आहेत, तिथं पोरं बागडतात. संध्याकाळी खुशीत घरी जातात. त्यांच्यावर आमचा राग नाही. सुट्टीच्या दिवशी लेकरांना जंगल दाखवावं वाटणं, यात वाईट काय आहे?

आमचा सवाल आपल्याच लोकांना आहे. आपल्या गावातली किती कुटुंबं मागच्या दहा वर्षांत त्या तलावावर गेली? गाइड, ड्रायव्हर, रोजंदार म्हणून गेलेले सोडून सांगा. लोक म्हणतात, "आपल्याच जंगलात तिकीट काढून कायले जावं?" बोलणं खरं आहे. पण न गेल्यानं काय होते तेही पाहा. आजोबाला जागा माहीत आहेत, बापाला अर्ध्या माहीत आहेत, आणि पोराला फक्त गेट माहीत आहे.

नावच घ्या. नागदेवाचं ठाणं आणि डोंगरातून बारमाही झिरपणारं पाणी, म्हणून नागझिरा. पिटेझरी, मंगेझरी, उमरझरी, थाडेझरी, सगळीकडे झरीच झरी. पाणी कुठं निघते हे ज्यांनी पायानं फिरून पाहिलं, त्यांनी ही नावं ठेवली. अभयारण्य १९७० साली झालं, व्याघ्र प्रकल्प २०१३ साली. नावं त्याच्या कितीतरी आधीची आहेत. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकात घातला. लोकांनी त्यांना कोलासूर देव केलं, टेकडीवर ठाणं मांडलं. कोहळी आदिवासी नव्हेत, हे आम्हाला ठाऊक आहे. पण आज ज्या पाण्यावर पक्षी पाहायला लोक येतात, ते पाणी माणसांनी अडवलेलं आहे, एवढं तरी तिथं येणाऱ्या पोरांना कळलं पाहिजे.

आता कायद्याचं. २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्यातही लागू आहे. मासळी आणि पाणवठ्यावरचा सामूहिक हक्क कलम ३ मध्ये लिहिलेला आहे. कुणी म्हणालं की अभयारण्यात दावाच होत नाही, तर त्याला ते लिहून मागा. आणि पुरावा काय लागते? देवस्थानं, पवित्र झाडं, तळी, जुन्या विहिरी, मसणवट्या, लोकांनी बांधलेल्या कामांचे अवशेष, आणि म्हाताऱ्या माणसांचं लिहून घेतलेलं बयान. नियम १३ मध्ये हे सारं आहे. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून नुसतं बयान पुरत नाही, जागाही दाखवावी लागते. ढिवर, गोवारी असे जे आदिवासींच्या यादीत नाहीत, त्यांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सांगावा लागतो. तो कोण सांगणार? ऐंशीच्या घरातला म्हातारा. तो गेला की त्याच्याबरोबर कागदही गेला समजा.

पुनर्वसनाची बोलणी ज्या गावांत चालतात, त्यांनी कलम ४(२) वाचून घ्यावं. आधी हक्क मान्य झाले पाहिजेत, मग ग्रामसभेची लेखी संमती. आणि असं रिकामं केलेलं संकटग्रस्त वन्यजीव अधिवासाचं क्षेत्र पुढं दुसऱ्या कोणत्याही कामाला देता येत नाही, हेही त्यातच आहे. माणसाच्या पायानं वाघाला त्रास होते म्हणून गाव उठवायचं आणि त्याच जागी पाहुण्यांसाठी हॉटेल बांधायचं, हे चालत नाही.

म्हणून आमचं मत असं, की धान कापून झालं की एक दिवस काढावा आणि कुटुंबासह तलावावर जावं. भाकरी बांधून, पोरंबाळं, म्हातारे घेऊन. पण ती नुसती सहल नको. वनहक्क समितीला दाव्याच्या जागेची स्थळपाहणी करावीच लागते, नियम १२ तसं सांगतो, आणि त्याची सूचना वनखात्याला देऊन खात्याच्या माणसाला हजर राहायला बोलवायचं असते. तीच पाहणी त्या दिवशी करा. आठ-पंधरा दिवस आधी ग्रामसभेचं पत्र द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा. जंगलात पाच-सहा म्हातारे, समितीचे लोक आणि सातवी-आठवीतली पोरं असली तरी पुरे, बाकीच्यांनी तलावाकाठी बसावं. आजी बोलते ते पोरांनी जसंच्या तसं वहीत उतरवावं, गोंडीत बोलली तर गोंडीत. तिथं कशाला हात लावायचा नाही, फूल की पान तोडायचं नाही, आवाज करायचा नाही. आपल्यावर बोट दाखवायला कुणाला जागा देऊ नका.

बाया जरूर असाव्यात. चारोळी कुठं, मोहाची जुनी झाडं कुठं, उन्हाळ्यात पाणी कुठं टिकते, हे त्यांनाच जास्त माहीत असते, आणि बहुतेक दाव्यांत त्यांचं बयानच नसते.

लिहिलेल्या वह्या, पत्राची पोच आणि हातानं काढलेला नकाशा पुढच्या बैठकीला घेऊन या. ज्या गावात चालता येईल असा म्हातारा उरला नाही, त्यांनी शेजारच्या गावाला विचारावं. जुन्या सोयरिकीत जागा सांगणारं कुणी ना कुणी निघते.