मचाणावरची जागल

मचाण म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे शिकार येते. चांदणी रात्र, खाली बांधलेला बोकड आणि झाडावर दबा धरून बसलेले राजेसाहेब. ती शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली. मचाण मात्र संपले नाही. पूर्व विदर्भात धान निसवू लागले, हरभऱ्याला घाटे धरू लागले, की रानाकडेच्या वावरांतून ते उभे राहते. त्यावर रात्र काढणारा माणूस कोणाला मारायला बसलेला नसतो. रानडुकरे, चितळ आणि रोही यांनी वर्षाचे पीक एका रात्रीत फस्त करू नये म्हणून हाती बॅटरी आणि वाजवायला रिकामा डबा घेऊन तो बसतो. याला तिकडे जागल म्हणतात.

जागलीवरच्या माणसाला वाघाने उचलले की बातमी होते, आणि व्हायलाच हवी. मचाण मोडून कंबर गेलेल्या माणसाची बातमी होत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांत माझे अधूनमधून जाणे होते. मचाणाचा विषय काढला की वाघाच्या गोष्टी आधी येतात. पडण्याच्या गोष्टी खोदून विचारल्यावर येतात, आणि त्याही हसत हसत सांगितल्या जातात. पडणारा स्वतःच ते लाजिरवाणे मानतो.

वास्तविक त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाकूड कसे वागते हा तो प्रश्न आहे. चार बल्ल्या, वर बांबूचा ताटवा, तार नाहीतर दोरी आणि चढायला शिडी, एवढ्यात मचाण होते. जमिनीत पुरलेली बल्ली वर ठणठणीत दिसते. ती कुजते नेमकी मातीच्या रेषेला, कारण ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात, आणि वाळवीही तिथूनच शिरते. बांबूला भुंगा लागतो तो त्याच्या आतल्या पिठुळ अंशासाठी. म्हणून जुनी माणसे पाऊस सरून थंडी पडल्यावर बांबू तोडत. पण धान निसवते आश्विनात, तेव्हा थंडीची वाट कोण पाहणार? हाताला येईल तो ओला बांबू वर चढतो. ओले लाकूड वाळताना आकसते आणि बांधलेली तार ढिली पडते. ओल्या लाकडात खिळा सुरेख जातो, पण वाळल्यावर त्याची पकड उरत नाही. बाजारातली प्लास्टिकची दोरी उन्हाने ठिसूळ होते. दोन जिवंत झाडांना आडवी बल्ली खिळवली असेल तर वाऱ्यात दोन्ही झाडे आपापल्या परीने डुलतात आणि सांधा खिळखिळा होतो. गेल्या वर्षीचे मचाण यंदा तसेच वापरणे हा सर्वांत मोठा धोका, आणि तो सर्रास पत्करला जातो.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीसाठी हौशी माणसे झाडांवर घरी केलेल्या लाकडी बैठका बांधतात. पडण्याचे प्रकार तिथे इतके होतात, की शिकारीच्या शिक्षणातच पाय जमिनीवरून उचलण्यापासून तो परत टेकेपर्यंत अंगाला पट्टा हवा असे शिकवले जाते. हातात काही घेऊन चढायचे नाही. सामान मागाहून दोरीने ओढायचे. आपला शेतकरी मध्यरात्री एका हातात बॅटरी धरून पेंगुळल्या डोळ्यांनी उतरतो. तिकडचा माणूस हौसेने चढतो आणि आपला पोटासाठी, एवढा फरक असूनही काळजी मात्र हौशीची अधिक घेतली जाते. आपल्याकडेही तेच आहे. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यांवर शहरी पाहुण्यांना बसवण्यासाठी वनखाते जी मचाणे बांधते ती खात्याच्या जबाबदारीवर असतात. शेजारच्या वावरातले मचाण कोणाच्याच जबाबदारीवर नसते.

मग भरपाईचे पाहा. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाल्यास राज्य सरकारने २०२३ मध्ये २५ लाख रुपये ठरवले. रक्कम योग्यच आहे. तोच माणूस डुकरे हाकायला घाईने उतरताना शिडी मोडून दगावला, तर दार वेगळे: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. तिच्यात उंचावरून पडणे धरलेले आहे आणि मृत्यूला २ लाख रुपये आहेत. हात किंवा पाय कायमचा गेला तर १ लाख. हाड जुळले पण तो हंगाम बुडाला, तर काही नाही. दोन्ही मृत्यूंचे मूळ एकच, रानातून वावरात येणारे जनावर. पण सरकारी फाइलीत ते एकमेकांचे कोणीच नसतात.

गडचिरोलीत २०२१ पासून रानटी हत्ती आले आहेत. हत्तीपुढे चार बल्ल्यांचे मचाण म्हणजे काडीपेटी. तिथे जागल करायला सांगणेच चूक, हे गावकऱ्यांना स्पष्ट सांगितले पाहिजे. इतरत्र सौर कुंपणाला अनुदान आहे, ते मिळेल तिथे मचाणाची गरज कमी होईल. शेतीपंपांना दिवसा वीज देण्याची सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची आहे. तिने रात्रीची पाण्याची पाळी टळेल, परंतु डुक्कर यायचे ते रात्रीच येणार. तोवर मचाण राहणार.

तेव्हा वनरक्षक आणि ग्रामपंचायतीने आश्विनाच्या आधी एक फेरी मारावी. मातीच्या रेषेपाशी बल्लीत सुरी टोचून पाहायची. पाते सहज रुतले तर बल्ली बदलायची. तार दर वर्षी नवी, कमरेला पट्टा, आणि ढग गडगडू लागले की खाली उतरून घर गाठायचे. सुतार गावातच असतो. त्याची एका दिवसाची मजुरी ग्रामपंचायतीला जड जाऊ नये.